रेझ्युमे किती पानांचा? आधी ओळी मोजा

विदर्भात तालुक्याच्या गावी रेझ्युमे किती पानांचा व्हायचा, हे बहुतेक वेळा झेरॉक्सच्या दुकानात ठरतं. दुकानदाराकडे एक जुनी फाइल असते. तिच्यात नाव-गाव बदललं जातं, आणि "भाऊ, दोन पानाचा करून द्या, भारी दिसते" असं म्हटलं की दुसरं पान तयार. त्या पानावर असतं काय? वडिलांचं नाव, धर्म, वैवाहिक स्थिती, छंद, ज्ञात भाषा, घोषणापत्र, स्थळ, दिनांक, सही. आणि पहिल्या पानावर, जिथे अनुभव सांगायचा, तिथे एकच ओळ: "सिमेंट कंपनीत हेल्पर, ६ वर्षे."

म्हणजे आपल्याकडचा रेझ्युमे एकाच वेळी फार लांबही असतो आणि फार आखूडही. कोणी विचारत नाही त्या माहितीने पानं भरतात, आणि ज्या कामाच्या जोरावर नोकरी मिळायची ते काम एका ओळीत आटोपतं. त्यामुळे एक पान की दोन, हे सगळ्यात शेवटी ठरवायचं.

आधी प्रत्येक ओळ एका कसोटीवर घासा: ही ओळ वाचून मुलाखत घेणारा एखादा प्रश्न विचारेल का? "बेल्ट कन्व्हेयरचे आयडलर बदलले" (आयडलर म्हणजे बेल्टखालचे फिरते रोलर) या ओळीवर शिफ्ट इंजिनिअर लगेच विचारेल, की एकट्याने की टीमने, बेल्ट थांबवल्यावर आधी काय बंद करत होता, एक आयडलर बदलायला किती वेळ लागायचा. "छंद : गाणी ऐकणे" यावर तो काहीच विचारणार नाही. पहिली ओळ राहील, दुसरी जाईल. बुटीबोरीच्या कारखान्यात असो, गडचिरोलीतल्या संस्थेत असो की अकोल्याच्या दालमिलमध्ये, कसोटी हीच.

तरी घाईत असणाऱ्यांसाठी ढोबळ उत्तर देऊन टाकतो. आयटीआय, पदविका किंवा पदवी करून नुकतेच बाहेर पडला असाल तर एक पान, यात अपवाद नको. आठ-दहा वर्षांपर्यंतचा अनुभव एकाच प्रकारच्या कामाचा असेल तरी एकच. त्याहून जास्त वर्षं झाली असतील, किंवा वेगवेगळ्या प्लांटवर वेगवेगळी कामं केली असतील, हाताखाली माणसं असतील, तर दोन. कॉलेजात शिकवणाऱ्यांचं आणि संशोधन करणाऱ्यांचं गणित वेगळं, ते पुढे येईल. आणि जिल्हा परिषद, आरोग्य विभाग वगैरेंच्या कंत्राटी पदांसाठी जाहिरातीसोबत विहित नमुना दिलेला असतो. तिथे हा प्रश्नच नाही. नमुना जसाच्या तसा भरायचा, त्याऐवजी आपला सुंदर रेझ्युमे जोडला तर अर्ज छाननीतच बाद होऊ शकतो.

एका पानात मावतं किती

हे अंदाजाने सांगण्यापेक्षा मोजलेलं बरं. ए-फोर कागद २९७ मिलिमीटर उंच. वर-खाली १९-१९ मिलिमीटर म्हणजे पाऊण इंच समास सोडला की २५९ मिलिमीटर उरतात. कॅलिब्री फॉन्ट, ११ पॉइंट, वर्डच्या बऱ्याच आवृत्त्यांत आपोआप येणारं १.०८ ओळींचं अंतर, असं धरलं तर साधारण ५० ओळी बसतात. विभागांच्या मधल्या मोकळ्या जागा वजा करा, ४५ ओळी हाताशी राहतात.

पण दुकानातून येणाऱ्या पानावर प्रत्यक्षात तीस-बत्तीस ओळीच दिसतात. कारण नव्या वर्डमध्ये प्रत्येक परिच्छेदानंतर ८ पॉइंटची मोकळी जागा आपोआप सुटते, आणि रेझ्युमेत जवळजवळ प्रत्येक ओळ एंटर मारून लिहिलेली असते. म्हणजे प्रत्येक ओळ हा वर्डच्या लेखी वेगळा परिच्छेद. प्रत्येक ओळीखाली अर्धी ओळ वाया जाते आणि एका पानाचा मजकूर दीड पानावर सांडतो. उपाय अर्ध्या मिनिटाचा आहे: सगळा मजकूर निवडा, परिच्छेदाच्या सेटिंगमध्ये 'स्पेसिंग आफ्टर' शून्य करा, आणि फक्त विभागांच्या मथळ्याआधी ६ ते ८ पॉइंट ठेवा. अनेकांचं "दुसरं पान" इथेच नाहीसं होतं.

याच्या उलट चूक म्हणजे सगळं एका पानात कोंबायला फॉन्ट ९ वर आणि समास अर्ध्या इंचाच्याही आत नेणं. झेरॉक्सची झेरॉक्स काढली की ९ पॉइंटचं अक्षर भरून येतं, आणि कडेचा मजकूर कापला जातो. १०.५ च्या खाली जाऊ नका. मावत नसेल तर ओळ कापा, अक्षर नको.

मराठीत रेझ्युमे करत असाल (पतसंस्था, शाळा, गावपातळीवर काम करणाऱ्या संस्था यांना मराठी चालतो, अनेकदा बराही वाटतो), तर मंगल फॉन्ट फार जागा खातो, त्याची ओळ मुळातच उंच आहे. ओळींचं अंतर 'एक्झॅक्टली' करून १६ पॉइंट दिलं की ताळ्यावर येतं. कृतिदेवमध्ये मात्र टाइप करून घेऊ नका. दुकानात ते ठीक दिसतं. वर्डची फाइल साहेबांच्या मोबाइलवर उघडली की त्यात इंग्रजी अक्षरांचा काला दिसतो. पीडीएफमध्ये दिसायला बरं असलं तरी त्यातला मजकूर शोधता येत नाही, कॉपी केला तर पुन्हा तोच काला. युनिकोडच हवा.

काय जाईल

सर्वात वर असतं ते "करिअर ऑब्जेक्टिव्ह". आव्हानात्मक वातावरणात माझ्या कौशल्यांचा संस्थेच्या प्रगतीसाठी वापर वगैरे तीन ओळी. सगळ्यांच्या रेझ्युमेत त्याच, शब्दाशब्दाने. त्या जागी दोन ओळीत आपण कोण ते सांगा: "आयटीआय फिटर, सिमेंट प्लांटच्या मेकॅनिकल मेंटेनन्सचा ६ वर्षांचा अनुभव. तिन्ही शिफ्ट चालतील, बुटीबोरीत राहण्याची तयारी." शेवटचं वाक्य साधं दिसतं, पण राजुरा-कोरपना भागातला पत्ता वाचून नागपूरच्या एचआरच्या मनात पहिला प्रश्न तोच येतो, की हा इथे टिकेल का, की पेरणीला गावी जाईल.

वडिलांचं नाव, धर्म, जात, वैवाहिक स्थिती, राष्ट्रीयत्व : सगळं काढा. लग्नाच्या आणि नोकरीच्या बायोडाटाची सरमिसळ होऊन हे आलेलं आहे. जातीचा दाखला लागतो तो सरकारी अर्जात, आणि तिथे त्यासाठी रकाना असतो. जन्मतारीख एका ओळीत राहू द्या, कारखान्यात वय विचारलंच जातं. आधार, पॅन, बँक खात्याचे क्रमांक तर चुकूनही नको. रोजगार मेळाव्यात वाटलेले रेझ्युमे नंतर कुठे जातात याचा भरवसा नाही.

शिक्षणाचा तक्ता चार-पाच ओळींचा असायला हवा, तो बारा ओळींचा होतो, कारण प्रत्येक रकान्यात मंडळाचं संपूर्ण नाव लिहिलेलं असतं. "राज्य मंडळ, नागपूर विभाग" किंवा "अमरावती विभाग" पुरतं. विद्यापीठांचंही तसंच: "गोंडवाना विद्यापीठ", "नागपूर विद्यापीठ" एवढं सगळ्यांना कळतं, तक्त्यात पूर्ण नाव घातलं की एक ओळ तीन ओळींची होते. सर्वात अलीकडचं शिक्षण वर. पदवी किंवा पदविका झाली असेल तर दहावी-बारावी मिळून एका ओळीत. आयटीआयवाल्यांनी मात्र दहावी वेगळी दाखवावी, बऱ्याच कंपन्या भरतीत तिची टक्केवारी बघतात. एमएस-सीआयटी आणि टायपिंग तक्त्यात नको, खाली एका ओळीत: "एमएस-सीआयटी, टायपिंग मराठी ३०, इंग्रजी ४०". लिपिकाच्या जागेसाठी अर्ज असेल तर हीच ओळ वर येते.

घोषणापत्र काढा. नोकरी लागल्यावर कंपनी आपल्या फॉर्मवर सही घेतेच. "संदर्भ मागितल्यास दिले जातील" हेही काढा.

पत्ता : गाव, तालुका, जिल्हा, एवढंच. घराशेजारचं मारुतीचं मंदिर लिहायची गरज नाही. मोबाइल नंबर मात्र दोन द्या. मेळघाटात किंवा भामरागडकडे नेटवर्क कधी जाईल सांगता येत नाही, आणि एचआरवाला फार तर दोनदा फोन लावतो. दुसरा नंबर कोणाचा ते लिहा: "(भाऊ)". आणि ईमेल स्वतःचाच. दुकानदाराचा ईमेल टाकलेले रेझ्युमे अजूनही येतात, मुलाखतीचं बोलावणं दुकानात पडून राहतं.

कंत्राटी आणि हंगामी काम कसं लिहायचं

आपल्या भागातल्या रेझ्युमेची खरी अडचण इथे आहे. पुण्या-मुंबईचे नमुने धरले तर प्रत्येक मालकाची वेगळी नोंद करायची असते. गडचांदूर-आवारपूरच्या सिमेंट पट्ट्यात किंवा वणी-घुग्घूसच्या कोळसा पट्ट्यात काम करणाऱ्याचा प्लांट तोच, मशीन तेच, सुपरवायझर तोच, फक्त ठेकेदार दर दीड-दोन वर्षांनी बदलतो. चार ठेकेदारांच्या चार नोंदी केल्या की दोन गोष्टी बिघडतात. एक, पान भरतं. दुसरी जास्त वाईट: वाचणाऱ्याला वाटतं, हा माणूस कुठेच टिकत नाही.

म्हणून नोंद प्लांटच्या नावाने करा, ठेकेदार कंसात. असं:

"फिटर, मेकॅनिकल मेंटेनन्स : सिमेंट प्लांट, गडचांदूर. जून २०१९ ते आजपर्यंत (तीन ठेकेदारांमार्फत, सलग).
बेल्ट कन्व्हेयर : आयडलर, पुली, स्क्रॅपर बदलणे, बेल्ट जॉइंटिंगमध्ये मदत.
बकेट एलिव्हेटर : बकेट व चेन तपासणी, बदल.
गिअरबॉक्स ऑइल बदल. डायल गेजने कपलिंग अलाइनमेंट.
वार्षिक शटडाऊनमध्ये ५ जणांच्या गटाचं काम सांभाळलं."

पाच-सहा ओळी झाल्या. "सिमेंट कंपनीत हेल्पर" या एका ओळीच्या जागी. वर धर्म आणि छंद काढून ज्या ओळींची जागा वाचली ती इथे खर्च करायची. पदाचं नाव मात्र गेटपासवर आहे तेच लिहा. गेटपासवर हेल्पर असेल आणि काम फिटरचं केलं असेल तर "हेल्पर (फिटरसोबत)" लिहा, काम तुमच्या ओळीतूनच दिसेल. थेट फिटर लिहिलं आणि पडताळणीत हेल्पर निघालं, तर सगळ्याच ओळींवरचा विश्वास जातो.

तारखा आठवत नसतील तर अंदाजाने टाकू नका. यूएएन (पीएफचा कायमचा नंबर) असेल तर ईपीएफओच्या, म्हणजे पीएफ कार्यालयाच्या पोर्टलवर 'सर्व्हिस हिस्ट्री' बघा. ज्याने पीएफ भरला त्या प्रत्येक ठेकेदाराचं नाव आणि रुजू झाल्याची तारीख तिथे असते. सोडल्याची तारीख काही ठेकेदार भरतच नाहीत, तेव्हा पासबुकातला शेवटचा महिना धरा. मोठ्या कंपन्या हीच नोंद तपासतात, त्यामुळे रेझ्युमे आणि पीएफ जुळले पाहिजेत.

शटडाऊनवर (देखभालीसाठी प्लांट बंद ठेवतात तेव्हाच्या कामावर) जाणाऱ्या वेल्डरची गोष्ट आणखी वेगळी. पंधरा दिवस कोराडीच्या वीज केंद्रावर, महिनाभर तिरोड्याच्या, मग पारस, मग पुन्हा चंद्रपूर. अशा वीस नोंदी कोणी वाचत नाही. एकत्र करा: "बॉयलर शटडाऊन, वेल्डर (टिग व आर्क), २०२१ ते २०२४ : कोराडी, तिरोडा, पारस, चंद्रपूर. एकूण ९ शटडाऊन." आणि लगेच खाली काय वेल्ड केलं ते: ट्यूबचं मटेरियल, कोणत्या पोझिशनमध्ये, ६जी टेस्ट (तिरक्या पाइपवरच्या वेल्डिंगची चाचणी) कुठे पास केली. आयबीआर (बॉयलरच्या नियमांनुसार प्रमाणित) वेल्डर असाल तर हा शब्द पानाच्या वरच्या एक-तृतीयांश भागातच दिसला पाहिजे.

जिनिंगचं, म्हणजे कापसातून सरकी वेगळी करण्याच्या कामाचं, तसंच. हंगाम नोव्हेंबरच्या आसपास सुरू होऊन मार्च-एप्रिलपर्यंत चालतो. "जिनिंग-प्रेसिंग, हिंगणघाट : डबल रोलर जिन ऑपरेटर, २०२० पासून सलग ४ हंगाम." आणि किती जिनवर देखरेख, रोलर ग्राइंडिंग स्वतः करत होतो का, शिफ्टला किती गाठी निघत, हे दोन-तीन ओळीत. उरलेल्या महिन्यांबद्दल "घरची शेती" असं सरळ लिहा. त्याची लाज वाटून लोक तो काळ लपवतात आणि मग सात महिन्यांची खिंडारं दिसतात. खिंडारावर प्रश्न येतोच, शेतीवर येत नाही.

पोलीस भरती किंवा एमपीएससीच्या तयारीत गेलेली वर्षंही अशीच एका ओळीत: "२०२१-२०२३ : स्पर्धा परीक्षांची तयारी." मैदानी चाचणीपर्यंत गेलात, लेखी पास झालात, तर तेवढं लिहा. त्यावर परिच्छेद नको.

जागा मिळवून देणाऱ्या ओळी

परवाने आणि प्रमाणपत्रं बहुतेकांच्या रेझ्युमेत शेवटी, छंदांच्या शेजारी असतात. त्यांची जागा नावाखाली आहे. खाणीसाठी मायनिंग सरदार किंवा ओव्हरमन प्रमाणपत्र, गॅस टेस्टिंग, प्रथमोपचार, व्हीटीसी (खाणीच्या प्रशिक्षण केंद्रातलं) प्रशिक्षण. कारखान्यासाठी तारतंत्री परवाना, बॉयलर अटेंडंट प्रमाणपत्र आणि त्याचा वर्ग. ड्रायव्हर-ऑपरेटरसाठी जड वाहनाचा परवाना. प्रत्येकापुढे कधीपर्यंत वैध ते लिहा. मायक्रोफायनान्सच्या किंवा बियाणं-खतं कंपन्यांच्या फिल्डच्या कामासाठी "दुचाकी व परवाना आहे" ही चार शब्दांची ओळ कधी पदवीपेक्षा जास्त उपयोगी पडते.

संस्थांच्या कामासाठी, म्हणजे एमएसडब्ल्यू (समाजकार्याची पदव्युत्तर पदवी) झालेले, उमेद या बचत गटांच्या सरकारी अभियानातल्या सीआरपी (गावपातळीवरच्या कार्यकर्त्या), कृषी सखी, पशू सखी, यांना दोन पानं घ्यायला हरकत नाही, कारण तिथे वाचणारा प्रकल्प समन्वयक तपशील वाचतो. पण तपशील म्हणजे आकडे. "महिला सक्षमीकरणाचे कार्य केले" या ओळीने काहीच कळत नाही. किती गावं, किती बचत गट, गटांची हिशेबाची पुस्तकं स्वतः लिहिली का, बँक लिंकेज (बँकेचं कर्ज) किती गटांना मिळालं, कोणती नोंदवही, कोणतं ॲप. बायका इथे हटकून कमी लिहितात. पाच वर्षं दहा-बारा गटांचे हिशेब ठेवलेली ताई "गृहिणी" लिहून मोकळी होते, आणि रेझ्युमे अर्ध्या पानात संपतो. तिच्याकडे पूर्ण पानाचं काम असतं. प्रत्येक प्रशिक्षणाचं नाव मात्र देऊ नका. तीन दिवसांची वीस प्रशिक्षणं झाली असतील तर पदाशी जुळणारी चार निवडा.

कॉलेजात घड्याळी तासिका तत्त्वावर शिकवणाऱ्यांनी एकाच कॉलेजातली पाच वर्षं पाच नोंदीत लिहू नयेत, नेमणूक दरवर्षी नवी असली तरी. "२०१९-२० ते २०२३-२४, सलग" पुरतं. नेट, सेट, पीएचडी पहिल्या पानाच्या वरच्या भागात, वर्षासह. शोधनिबंध शेवटी, आणि त्यांच्यामुळे तीन-चार पानं झाली तर होऊ द्या. इथे लांबी दोष नाही. मात्र एकदिवसीय वेबिनारांची प्रमाणपत्रं शोधनिबंधांच्या यादीत मिसळली की यादीचं वजन उतरतं.

सव्वा पान झालं तर

हे सगळ्यात जास्त वेळा होतं. दुसऱ्या पानावर सहा ओळी, खाली सगळं कोरं. असा रेझ्युमे पाठवू नये. दुसरं पान निम्म्याहून कमी भरत असेल तर ते रद्द करून मजकूर एका पानावर आणा, निम्म्याहून जास्त भरत असेल तर राहू द्या. सहा-आठ ओळी कमी करायच्या असतील तर आधी एक-दोन शब्दांनी सांडलेल्या ओळी शोधा. "केले आहे" एवढेच दोन शब्द पुढच्या ओळीत गेलेले असतात, वाक्य थोडं आवळलं की अख्खी ओळ कमी होते. मग दहा वर्षांपूर्वीचं काम एका ओळीवर आणा. कामाच्या ताज्या ओळींना शेवटी हात लावा.

डाव्या बाजूला रंगीत पट्टा, गोल फोटो, "एमएस-वर्ड ८० टक्के" दाखवणाऱ्या पट्ट्या, असे मोबाइलवर बनणारे साचे टाळा. रंगीत पट्टा पानाचा तिसरा हिस्सा खातो, आणि नोकरीच्या पोर्टलचं सॉफ्टवेअर अनेकदा दोन रकान्यांतला मजकूर एकमेकांत मिसळून वाचतं. शिवाय ८० टक्के वर्ड म्हणजे किती, हे कोणाला सांगता येणार?

छापताना रोजगार मेळाव्यासाठी एकच पान, दहा प्रती, घडी न घालता फाइलमध्ये. टेबलावर गठ्ठे लागतात, त्यात दुसरं पान निसटतंच. दोन पानी रेझ्युमे द्यायचाच असेल तर डाव्या कोपऱ्यात स्टेपल, आणि दुसऱ्या पानावर नाव, मोबाइल नंबर आणि "पान २". पाठपोट छापलं तर पातळ कागदावर मागची अक्षरं पुढे दिसतात, आणि मागची बाजू उलटून पाहिली जात नाही.

व्हॉट्सॲपवर पाठवताना फोटो काढून नको, पीडीएफ, तीही 'डॉक्युमेंट' म्हणून. वर्डची फाइल दुसऱ्याच्या मोबाइलवर उघडताना फॉन्ट बदलतो आणि कष्टाने बसवलेलं एक पान पुन्हा दोन पानांचं होतं. फाइलचं नाव "न्यू रेझ्युमे फायनल २" असं ठेवू नका. आपलं नाव आणि पद पुरे. गुणपत्रिका, दाखले, परवाने यांची वेगळी पीडीएफ, मागितली तरच पाठवायची. रेझ्युमेला जोडून चौदा पानांची एकच फाइल केली तर उघडणारा पहिल्या पानावरच कंटाळतो. आणि दुकानातून निघण्याआधी वर्डची फाइल स्वतःच्या ईमेलवर पाठवून घ्या, म्हणजे पुढच्या वेळी ठेकेदार बदलला किंवा परवान्याचं नूतनीकरण झालं की एक ओळ घरूनच बदलता येईल.